गाव कंचं तुझं?

बबननानांचा फोन दुसऱ्यांदा वाजत नाही. पहिली रिंग अर्धी होते न होते, तोच नाना तो कानाला लावतात. गालाला दाढीचा फेस असो की तोंडात घास असो, उचलणार म्हणजे उचलणार. मागे भावकीतल्या एकाचा दहावा होता आळंदीला. पिंड ठेवलेला, सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत गप्प उभे. कावळा अगदी टुणटुणत जवळ आला आणि नानांच्या कोपरीच्या खिशात फोन वाजला. कावळा उडाला. नानांनी फोन घेतला आणि त्या शांततेत खणखणीत आवाजात विचारलं, "गाव कंचं तुझं?"

त्यानंतर कावळा काही फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यावी लागली. मयताची कुठली इच्छा राहिली असेल यावर भावकीत पुढे कितीतरी दिवस वाद चालला. नानांचं म्हणणं एवढंच, की मयताची इच्छा राहिली असंल नसंल, पण फोन करणाऱ्याची राहायला नको.

ओळखीच्या माणसाला नाना हा प्रश्न विचारत नाहीत. अनोळखी नंबर आला की मात्र त्यांची ठरलेली सरबत्ती सुरू होते. गाव कंचं तुझं? कुनाचा तू? मामाचं गाव कंचं? आणि फोन ठेवता ठेवता, जेवलास का? समोर बँकवाला असो, विमावाला असो, नाहीतर हिंजवडीत फ्लॅट विकणारी मुलगी असो. तिच्या मामाचं गाव कळेपर्यंत नाना फ्लॅटचा विषय काढू देत नाहीत.

नाना मूळचे पुनावळ्याचे. म्हणजे इथं टॉवर नव्हते, हायवे नव्हता, नुसती ज्वारी होती, तेव्हापासूनचे. बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली. उरल्या तुकड्यावर नानांनी ओळीने खोल्या बांधल्या आणि कंपनीत कामाला येणाऱ्यांना भाड्याने दिल्या. खोल्यांच्या टोकाला गोठा आणि गोठ्यात चंद्री नावाची म्हैस. मागच्या टॉवरमधल्या आया आपल्या लेकरांना रविवारी चंद्री दाखवायला आणतात. नाना त्यांनाही गाव विचारतात. एक बाई म्हणाली, "आम्ही बावधनहून शिफ्ट झालो." नाना म्हणाले, "त्ये न्हाई गं माय, त्याच्या आधीचं."

पहिल्या दोन खोल्यांत माझं बिऱ्हाड आणि माझा डब्यांचा धंदा. शिफ्टवाल्या पोरापोरींना दोन वेळचे डबे देते. माझं तोंड फटकळ आहे, हे मला आरशाने सांगायची गरज नाही, नाना रोज सांगतात. "सुमन, तुझ्या भाजीत मीठ कमी अस्तं, कारन समदं तिखटमीठ जिभंवर," असं म्हणतात आणि भाजी वाटीभर जास्त मागून नेतात. त्यांची मालकीण मी यायच्या आधीच गेलेली. मुलगा दत्ता बाहेरगावी असतो, एवढंच आम्हा भाडेकरूंना ठाऊक होतं. त्याच्याबद्दल कुणी विचारलं, की नाना चंद्रीशी बोलायला लागायचे. ज्याने जगाची वंशावळ विचारायची, त्याला आपण विचारलेलं मुळीच खपत नाही, असं मी चारचौघांत बोलून दाखवत असे.

तर हे फोन. हल्ली फोन येतात ते काही ख्यालीखुशाली विचारायला येत नाहीत. कर्ज घ्या, कार्ड घ्या, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, न घेतलेलं कर्ज फेडा! आमच्या खोल्यांमध्ये असा फोन आला नाही असं माणूस नाही. माझ्यासारखी चार शिव्या हासडून फोन ठेवते. नाना मात्र खाटेवर मांडी घालून, टोपी मागे सारून, रीतसर बोलत बसतात.

"सर, आपका लोन ओव्हरड्यू है. आज पेमेंट नहीं किया तो लीगल ॲक्शन होगा."

"व्हय व्हय. पन तुम्हारा गाव कंचा?"

"सर, मैं रिकव्हरी डिपार्टमेंट से बोल रहा हूँ."

"वो किदर आया? तालुका कंचा उसका?"

मग पलीकडचा चिडतो, नाना चिडत नाहीत. मामा का गाव, बाप का धंदा, कितना भाई, सगळं विचारतात. पलीकडचा दमून फोन ठेवतो, तेव्हा नाना हळहळतात. "जेवला का न्हाई, कळ्ळंच न्हाई."

एकदा तर असाच धमकी देणारा एक पोरगा मराठी निघाला. बोलता बोलता बिचाऱ्याने मामाचं गाव खरं सांगितलं, जुन्नरकडचं. झालं! त्या गावात नानांच्या मावसबहिणीची सासुरवाडी. संध्याकाळच्या आत नानांनी मामाला गाठलं. मामाने काय केलं ते मला ठाऊक नाही, पण पोराने ते काम सोडलं. आता चाकणला फोर्कलिफ्ट चालवतो आणि दिवाळीला येऊन नानांच्या पाया पडून गेला.

मी म्हटलं, "नाना, कशाला डोकं शिणवता? नंबर ब्लॉक करून टाकावा." तर मी चंद्री विकायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुनाचा हाय म्हाईत न्हाई, तर ब्लॉक कसा करायचा?" म्हटलं, आता काय बोलणार! म्हातारपणी एकेकाला एकेक खूळ लागतं.

पण त्या खुळामागे एक शहाणपण होतं, ते मला शीतलच्या वेळी कळलं.

शीतल परभणीकडची. आमच्या ओळीतल्या एका खोलीत मैत्रिणीबरोबर राहायची, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जुळवायच्या लाइनवर होती. कंत्राटावर लागलेली, पण हात चांगला म्हणून आता परमनंट करायचं घाटत होतं. घरातली पहिलीच पगारदार. बाप गावात सगळ्यांना सांगत फिरायचा, माझी पोरगी कंपनीत हाय. अशी हसरी पोर डबा न उघडताच परत द्यायला लागली, तेव्हा मी तिला चुलीपुढे बसवलं. म्हणजे गॅसपुढे, पण बसवलं.

रडत रडत तिने सांगितलं. भावाच्या कॉलेजच्या फीसाठी तिने मोबाईलवर कर्जाचं एक ॲप घेतलं होतं. नाव, फोटो, सगळं भरलं. मग भीती वाटली म्हणून कर्ज न घेताच काढून टाकलं. एक रुपया हातात आला नाही. पण तेव्हाच त्या लोकांनी तिचा फोटो आणि मोबाईलमधले सगळे नंबर उचलले होते. आता रोज फोन. कर्ज घेतलंय, व्याज चढलंय, भर. तिने घाबरून एकदा पैसे भरलेही. मग काय, रक्ताची चटक लागली त्यांना. भर, नाहीतर कंपनीच्या गेटवर पोलिस आणतो. भर, नाहीतर तुझा चेहरा भलत्याच बाईच्या उघड्या अंगाला चिकटवून तो फोटो सगळ्यांना पाठवतो, तुझ्या बापालाही.

"मी गावाकडं चालले काकू," ती म्हणाली. "कंपनी नको, काहीच नको. सगळे माझ्याकडं बघायलेत असं वाटायलंय."

मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण शिव्यांनी काय होतंय! रविवारी सकाळी रिक्षा येऊन उभी राहिली आणि शीतल बॅग आणि भांड्यांची पिशवी घेऊन निघाली. गावी गेली की परत येणार नाही, नोकरी गेली, बापाचा आनंद गेला, हे मला दिसत होतं आणि मी नुसती हातात उलथणं घेऊन उभी होते.

नाना गोठ्यात होते. त्यांनी बॅग पाहिली, रिक्षा पाहिली. चंद्रीचं दावं सोडलं, तिला आणली आणि सरळ गेटात आडवी बांधली. रिक्षा आत, म्हैस दारात.

"ओ नाना, मला दुसरं भाडं हाय!" रिक्षावाला ओरडला.

"मंग दुसऱ्या वाटनं जा."

"दुसरी वाट कुठंय?"

"त्येच तर." मग शीतलकडे वळून म्हणाले, "कुठं चाललीस?"

"गावाकडं, नाना. सहजच."

"सहज कुनी समदी भांडी घेऊन जातं व्हय?"

तिने काही उत्तर द्यायच्या आत तिच्या हातातला फोन वाजला. तिचा चेहराच सांगत होता कुणाचा ते. नानांनी हात पुढे केला. "आन हिकडं. त्यो मोठ्यानं बोलायचा भोंगा चालू कर." तिने स्पीकर लावला. एव्हाना सगळ्या खोल्यांची दारं उघडली होती.

"शीतल, दोन तास देतो. नाहीतर पोलिसांची गाडी निघाली समज."

"गाव कंचं तुझं?"

"कोण बोलतंय?"

"फोन तू केलास का मी? मंग आधी तू सांग."

"मी वकील बोलतोय. कोर्टातून."

"आरं वा. रयवारचं बी कोर्ट उघडं ठिवलंय! लईच कष्ट पडत्यात तुमास्नी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रिक्षावाला खाली उतरून जवळ आला.

"काका, मध्ये पडू नका. तुमच्यावरही केस लागेल."

"लागू दे. पन कागद वाच की बाबा. पोरीनं पैसं कवा घेतलं? कंच्या खात्यात आलं? कुनी धाडलं?"

"ते आम्ही फोनवर सांगत नसतो."

"सांगत न्हाई, आनि मागतो मातर फोनवर! तुझं नाव, हापिसाचं नाव, समदं कागदावर लिव्हून पोस्टानं धाड. आमी वाचू, बँकेत जाऊन इचारू, मंग बघू. तवर एक पै मिळायची न्हाई."

मग त्याने आईवरून शिवी घातली. मी उलथणं घेऊन पुढे सरसावले, पण नानांनी मला हातानेच थोपवलं. आवाज जराही न चढवता म्हणाले, "बरं, मामाचं गाव तरी सांग." फोन कट झाला.

"बघितलंस?" नाना शीतलला म्हणाले. "ज्याचं खरं येनं अस्तं ना, त्यो दारात येऊन आधी सोताचं नाव सांगतो. चोर आधी तुझं नाव घेतो. आनि ही घाई! खऱ्याला घाई नस्ती. त्याला म्हाईत अस्तं, म्हस दावनीलाच हाय."

"पण तो फोटो टाकणार ओ नाना," ती रडकुंडीला आली. "गावाकडं टाकणार. लाइनवर सगळ्यांना टाकणार. मी काय तोंड दाखवू?"

नानांनी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाले, "त्यो जायच्या आधी आपन जाऊ. आवतान देऊन येऊ."

आवतण म्हणजे आमच्याकडे लग्नाचं बोलावणं. पत्रिका कितीही छापा, घरोघरी जाऊन तोंडाने सांगितल्याशिवाय जुनी माणसं ते धरत नाहीत. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी ठाकठीक केली, आणि खरंच सांगते, सवयीने हातात हळद-कुंकवाच्या अक्षताही घेतल्या! मी म्हटलं, "नाना, अहो लग्न नाहीये." तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. मोकळ्या हातानं आवतान देत न्हाईत."

पहिलं आवतण शीतलच्या बापाला, फोनवर. ते तिनेच दिलं, अडखळत, हुंदके देत. बापाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फोटू येऊ दे नाहीतर काही येऊ दे. माझी लेक कशी हाय ते मला ठाव हाय. तू तिथंच ऱ्हाय, कामावर जाय." तिने ओढणीने डोळे पुसले. तिला घेऊन आम्ही ओळीने सगळ्या खोल्या घेतल्या. नाना अक्षता द्यायचे आणि सांगायचे, "ह्या पोरीचा खोटा फोटो यील. बघायचा न्हाई, फुडं धाडायचा न्हाई, आला तर आमाला येऊन सांगायचं." टोकाच्या खोलीतल्या बिहारी पोराने टोपी आणि अक्षता बघून शीतलला "बहुत बहुत बधाई हो दीदी" म्हटलं, तेव्हा इतक्या दिवसांनी ती पोर खळखळून हसली.

तिथून पोलिस चौकीत. तक्रार लिहून घेणारा हवालदार जरा गुरगुरत होता. नानांनी त्याला गाव विचारलं. मामाच्या गावापर्यंत पोचलो तेव्हा चहा आला आणि तक्रार नीट लिहिली गेली, सायबरवाल्यांकडेही गेली. बँकेलाही कळवायचं, हे हवालदारानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नाना शीतलबरोबर चाकणला गेले. शिफ्ट सुटायची आणि भरायची वेळ. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला गाव विचारून झालं, तो निघाला खेडकडचा, म्हणून त्याने नानांना कट्ट्यावर उभं राहू दिलं. नानांनी सगळ्या गर्दीला आवतण दिलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत संध्याकाळी माझ्याच मोबाईलवर आला.

"लाज आपन आधीच वाटून टाकली," व्हिडिओत नाना सांगत होते, "की चोराला इकायला काय उरत न्हाई. असला फोन आला तर भिऊ नगा. घर सोडून जाऊ नगा." मग ते थांबले. टोपी काढून परत घातली. "आनि कुनी आधीच निघून गेलं असंल, तर त्यानं बी परत यावं. त्याला कुनी कायबी इचारनार न्हाई."

मी तो शेवट पुन्हा लावून पाहिला. ज्या माणसाने हवालदारालाही सोडलं नाही, तो म्हणत होता, काय इचारनार न्हाई.

फोटो आला. चार-पाच जणांना आला. "आवतण आधीच मिळालंय," म्हणत पोरांनी तो पुसून टाकला. सुपरवायझरने शीतलला बोलावलं, मला वाटलं नोकरी गेली, पण तो म्हणाला, "लाइनवर जा, काम पडलंय." पैसे मिळेनात तसे फोनही हळूहळू बंद झाले. पोरगी आता परमनंट आहे आणि माझ्या भाजीला नावं ठेवते.

फोटोची धास्ती संपली तशी मी एकदा नानांना गोठ्यात गाठलं. म्हटलं, "नाना, व्हिडिओत शेवटी म्हणालात ते कुणासाठी?"

मला वाटलं, आता चंद्रीशी बोलायला लागतील. लागलेच. तिच्याकडे बघतच बोलले, पण मला ऐकू येईल असं.

"दत्ताला असंच फोन येत व्हतं. जे कर्ज घेतलं नव्हतं, त्याचं बी येत व्हतं. मला बोल्ला न्हाई गं. हिकडनं तिकडनं उचलून भरत ऱ्हायला. एक दिस सकाळचा बॅग घेऊन निगाला. मी हितंच धार काढीत व्हतो. कुठं चाललास म्हनलं, तर म्हनला, शिफ्टला. बॅग घेऊन कुनी शिफ्टला जातं व्हय? मला दिसलं, पन मी दावं सोडलं न्हाई, म्हस आडवी बांधली न्हाई. बस म्हनलो न्हाई." मग चंद्रीपुढे वैरण सारली. "नंबर बी बंद केला त्यानं. आता कंच्या नंबरावरनं करंल, काय सांगावं?"

मी चरवी विसळून ठेवली आणि आले. ब्लॉक करा म्हणत होते मी त्यांना!

त्यानंतर मीही नानांच्या फोनवर कान ठेवायला लागले. कार्डवाले आले, विमावाले आले, नानांनी सगळ्यांची गावं विचारली. श्रावण गेला, गणपती बसून उठले.

एका सकाळी मी दूध घ्यायला गोठ्यात गेले होते. नाना धार काढत होते, हात भरलेले, आणि खिशात फोन वाजला. "सुमन, काढ, काढ लवकर!" मी काढला, हिरवं बटण दाबलं, स्पीकर लावून त्यांच्यापुढे धरला. अनोळखी नंबर होता.

"गाव कंचं तुझं?"

पलीकडे कुठल्याशा मशीनचा आवाज येत होता. माणसाचा येत नव्हता.

"गाव कंचं, बाबा?"

"पुनावळं."

धार थांबली. चंद्रीने मान वळवून पाहिलं. नानांच्या तोंडून निघालं ते सवयीचंच.

"कुनाचा तू?"

"नाना," पलीकडचा आवाज हसता हसता ओला झाला, "व्हिडिओत म्हनला व्हता, कायबी इचारनार न्हाई म्हनून."

"न्हाई इचारत. न्हाई इचारत रं." नानांनी दुधाच्या हातानेच डोळे पुसले. "एकच इचारतो. जेवलास का?"

"न्हाई."

"मंग ये."

तो लांब गुजरातेत होता, रात्रीच्या गाडीने निघाला तरी दुसऱ्या दिवशी पोचणार, हे मला पुढच्याच मिनिटाला कळलं. तरी मी घरात गेले आणि त्या दिवशीच्या डब्यांबरोबर एक डबा जास्तीचा भरला.